कारागिराने सुचवलेला ठेकेदार: काम सोपवण्यापूर्वी करायची पडताळणी

घरात एखादा कारागीर काम करून जातो, त्याचे काम पसंत पडते, आणि पुढच्या कामासाठी माणूस कोण, हे त्यालाच विचारले जाते. तो एक नाव आणि फोन क्रमांक देतो, आणि त्या क्षणी बहुतेक घरमालकांच्या लेखी चौकशी संपते. चूक इथेच होते. कारागिराची शिफारस मोलाची असते, कारण जे काम घरमालकाला प्लास्टरखाली आणि फरशीखाली कधीच दिसत नाही, ते त्याने उघडे असताना पाहिलेले असते. मात्र ती शिफारस त्याने स्वतः पाहिले तेवढ्यापुरतीच खरी असते. त्याने नेमके काय पाहिले हे काढून घेणे आणि जे पाहिले नाही ते आपण तपासणे, अशी ही दोन कामे आहेत. पुढील टप्पे याच क्रमाने घ्यावेत. क्रम उलटला तर नंतरच्या तपासण्यांचा फारसा उपयोग राहत नाही.

१. नाव विचारण्याआधी काम कागदावर आणावे

ठेकेदाराला बोलावून “काय काय करता येईल ते तुम्हीच सांगा” असे म्हटले की कामाची व्याप्ती तो ठरवतो. मग दुसऱ्या ठेकेदाराचे दरपत्रक घेतले तरी तुलना होत नाही, कारण दोघांनी दोन वेगळ्या कामांचे दर दिलेले असतात. म्हणून खोलीनिहाय यादी आधी तयार करावी: काय तोडायचे, काय जसेच्या तसे ठेवायचे, नवे काय बसवायचे, माल कोण आणणार, राडारोडा कोण उचलणार. प्रत्येक खोलीची लांबी, रुंदी, उंची आणि दारे-खिडक्यांची मापे लिहावीत. सध्याच्या स्थितीची छायाचित्रे काढून ठेवावीत; ओल, भेगा आणि पोकळ फरशा यांची तर जवळून काढावीत, म्हणजे “हे आधीपासूनच होते” हा वाद पुढे उद्भवत नाही.

यादीत “हात लावायचा नाही” असा एक स्वतंत्र भाग ठेवावा. चालू स्थितीतील नळजोडणी, शेजाऱ्याशी सामाईक असलेली भिंत, जुने पण सुस्थितीतले लाकूडकाम यांसारख्या गोष्टी त्यात लिहाव्यात.

सावधान: भिंत पाडणे, तिच्यात मोठे दार काढणे, किंवा तुळई, खांब आणि स्लॅब यांना छिद्र पाडणे यादीत असेल, तर आधी संरचना अभियंत्याचा लेखी सल्ला घ्यावा. “ही नुसती आडोशाची भिंत आहे” हे ठेकेदाराचे मत, किंवा त्याची शिफारस करणाऱ्याचे मत, या बाबतीत ग्राह्य धरू नये.

२. शिफारस करणाऱ्याने नेमके काय पाहिले ते काढून घ्यावे

संपूर्ण पडताळणीत सर्वाधिक वेळ द्यावा असा टप्पा हाच, आणि नेमका हाच वगळला जातो.

घरातील कामांना ठरलेला क्रम असतो. आधी तोडफोड आणि बांधकाम, मग भिंतीत झिऱ्या (खाचा) मारून पाण्याचे पाइप व विजेच्या नळ्या, त्यानंतर प्लास्टर, वॉटरप्रूफिंग, फरशी, सुतारकाम, रंग, आणि शेवटी नळ, दिवे, बटणे. जो कारागीर मागून येतो त्याला आधीच्या माणसाच्या चुका निस्तराव्या लागतात, त्यामुळे त्याचे मत वजनदार असते. जो आधी येऊन निघून गेला, त्याने नंतरच्या माणसाचे काम पूर्ण झालेले पाहिलेलेच नसते. त्याची शिफारस बहुधा ओळखीवर आधारलेली असते.

फरशी बसवणारा कारागीर प्लंबरबद्दल बरेच काही खात्रीने सांगू शकतो. नळाचे पॉइंट एका रेषेत आणि टाइलच्या पृष्ठभागाशी बरोबर येतात का, नहाणी ट्रॅपची (जमिनीवरचे पाणी वाहून नेणाऱ्या जाळीखालच्या भांड्याची) पातळी योग्य असते का, की प्रत्येक ठिकाणी टाइल कापून जुळवून घ्यावे लागते, हे त्याला रोजच्या अनुभवाने ठाऊक असते. पाइपचा सांधा वर्षभराने गळतो का, हे मात्र त्याला माहीत असण्याचे कारण नाही. रंगारी गवंड्याबद्दल बोलतो तेव्हा ऐकावे, कारण भिंतीला लाट असेल तर पुट्टी त्याचीच जास्त जाते. तोच रंगारी वायरमनची शिफारस करत असेल, तर त्याने बोर्डाचे डबे सरळ बसले आहेत एवढेच पाहिले आहे. भिंतीआड सांधे कसे बांधले आहेत आणि अर्थिंग खरोखर जोडले आहे की नाही, हे त्याच्या नजरेच्या बाहेरचे आहे. सुतार फरशीवाल्याबद्दल सांगू शकतो, कारण कपाटाखाली जमीन उताराची निघाली की पाचर त्यालाच घालावी लागते.

माझ्या मते सर्वांत उपयोगी माहिती दुरुस्तीवर जाणाऱ्या माणसाकडे असते. नवे काम करणारा माणूस दुसऱ्याचे काम नवे असताना पाहतो. गळती शोधणारा प्लंबर किंवा बिघाड काढणारा वायरमन ते मोडल्यावर पाहतो. कोणाच्या बाथरूममधून वारंवार बोलावणे येते आणि कोणाच्या नाही, याचा हिशेब त्याच्या डोक्यात असतो. त्याने सुचवलेले नाव जरूर टिपून घ्यावे, आणि कोणाचे नाव निघताच तो गप्प बसतो, तेही लक्षात ठेवावे.

बांधकाम साहित्याच्या दुकानदाराची शिफारस वेगळ्या प्रकारची असते. ठेकेदार बिले वेळेवर भागवतो का, कोणत्या प्रतीचा माल उचलतो, उरलेला माल परत आणतो का, हे तो जाणतो. कामाचा दर्जा त्याने पाहिलेला नसतो.

शिफारस करणाऱ्याला पुढील प्रश्न विचारावेत. ते फोनवर न विचारता, काम आटोपल्यावर निवांत बसून विचारले तर उत्तरे मोकळी मिळतात.

- तुम्ही दोघांनी शेवटचे एकत्र काम कधी केले आणि ते कोणत्या प्रकारचे होते?
- त्या कामात तुम्ही त्यांच्या आधी होतात की नंतर?
- त्यांच्या कामात एखादी चूक निघाली होती का, आणि ती निघाल्यावर त्यांनी काय केले?
- तेव्हा जी माणसे त्यांच्याकडे होती तीच आजही आहेत का?
- कोणते काम त्यांना देऊ नये?

शेवटचा प्रश्न सोडू नये. जो ठेकेदाराला खरोखर जवळून ओळखतो तो लगेच सांगतो, “फरशी त्यांच्याकडून घ्या, पण गच्चीचं वॉटरप्रूफिंग नको.” जो नुसते नाव पुढे करत असतो तो म्हणतो, “सगळंच करतात, काही काळजी नको.” चुकीविषयीच्या प्रश्नाचेही तसेच आहे. चूक कधी झालीच नाही, असे उत्तर मिळाले तर दोघांनी एकत्र केलेले काम फार थोडे आहे असे समजावे.

माणसांविषयीचा प्रश्न अनेकांना क्षुल्लक वाटतो. प्रत्यक्षात काम ठेकेदाराच्या हाताखालचे दोन-तीन कुशल कारागीर करतात, आणि ते सोडून गेले की नाव तेच राहते व काम बदलते. तीन वर्षांपूर्वीच्या अनुभवावर दिलेली शिफारस या एका कारणाने निरुपयोगी ठरू शकते.

तपासणी: या टप्प्याच्या शेवटी कागदावर दोन रकाने भरलेले असावेत, “त्याने स्वतः पाहिलेले” आणि “त्याने पाहिलेले नसलेले”. दुसरा रकाना म्हणजेच पाचव्या टप्प्यात तपासायची यादी.

३. दोघांमधील व्यवहार उघड करून घ्यावा

शिफारशीमागे व्यवहार असू शकतो, आणि तो असणे म्हणजे फसवणूक असे नाही. कधी ठरलेला टक्का असतो, कधी “तू मला काम दे, मी तुला देतो” असा परस्पर समझोता असतो, कधी नाते असते. आक्षेप घेण्याजोगी गोष्ट एवढीच की तो टक्का शेवटी घरमालकाच्या बिलातून निघतो आणि त्याला ते सांगितलेले नसते. म्हणून सरळ विचारावे: “तुमचं त्यांच्याशी काही ठरलेलं असेल तर माझी हरकत नाही, पण मला माहीत असावं.” अशा विचारण्याने बहुतेक माणसे दुखावत नाहीत, आणि दुखावली तर त्यातूनही काही कळते.

चौथा प्रकार जुन्या येणे-बाकीचा आहे, आणि त्याचा विचार सहसा होत नाही. सुचवलेला ठेकेदार शिफारस करणाऱ्याचे पैसे देणे लागत असेल, तर त्याला नवे काम मिळवून देण्यात शिफारस करणाऱ्याचा थेट लाभ असतो, कारण तुम्ही दिलेली आगाऊ रक्कम सर्वप्रथम ती जुनी बाकी फेडण्यात जाते. माल मात्र येत नाही. हे विचारून कळत नाही. आगाऊ रक्कम मालाशी बांधून ठेवणे हाच त्यावर उपाय आहे, आणि त्याची पद्धत आठव्या टप्प्यात दिली आहे.

सावधान: शिफारस करणाऱ्याच्या हातून ठेकेदाराला पैसे पाठवू नयेत, आणि शिफारस करणाऱ्याचे स्वतःचे बिल या नव्या कामाशी जोडू नये. त्याचे काम संपले असेल तर त्याचा हिशेब आधी पूर्ण करून टाकावा.

४. पहिला फोन आणि पहिली भेट

फोनवर आपली यादी थोडक्यात सांगावी आणि पुढे ठेकेदाराला बोलू द्यावे. जागा न पाहता पक्का दर सांगणारा आणि उद्याच माणसे पाठवतो म्हणणारा, या दोघांविषयी सावध राहावे. चांगल्या ठेकेदाराकडे हातात काम असते आणि तो तारीख मागतो. आपण किती खर्च करू शकतो हा आकडा या वेळी सांगू नये.

भेटीच्या वेळी शिफारस करणारा कारागीर हजर नसावा. तो समोर असला की घरमालक अवघड प्रश्न विचारायला संकोचतो आणि ठेकेदारही मोकळे बोलत नाही. ठेकेदार एकटा असताना त्याला शिफारस करणाऱ्याने घरात केलेले काम दाखवावे आणि ते कसे वाटते ते विचारावे. ज्याला कामाची जाण आहे तो एखादी नेमकी गोष्ट सांगतो: अमुक ठिकाणी उतार कमी आहे, इथे झाकणाला जागा ठेवायला हवी होती. सरसकट स्तुती ऐकू आली, तर उद्या या दोघांपैकी एकाची चूक दुसरा झाकणार, हे गृहीत धरून पुढची बोलणी करावीत.

जागेवर उभे राहून काम करून घेणारा माणूस कोण, त्याच वेळी आणखी किती कामे चालू असतील, आणि कामाचा कोणता भाग पुढे दुसऱ्याला अंगावर दिला जाणार आहे, हेही याच भेटीत विचारावे. काम दुसऱ्याला दिले जाणार असेल, तर शिफारस त्या दुसऱ्या माणसाची नाही. त्याच्यासाठी दुसऱ्या टप्प्यातले प्रश्न नव्याने विचारावे लागतात.

५. केलेली कामे जाऊन पाहावीत

मोबाइलमधली छायाचित्रे पाहून समाधान मानू नये. तीन कामे प्रत्यक्ष पाहावीत: एक चालू असलेले, एक नुकतेच पूर्ण झालेले, आणि एक किमान वर्ष उलटलेले. “तुमची चांगली कामे दाखवा” असे म्हटले तर निवडक कामे दाखवली जातात. त्याऐवजी “शेवटची पाच कामे क्रमाने सांगा” असे म्हणून त्यांतून आपण निवड करावी. जुन्या कामाच्या घरमालकाशी ठेकेदाराच्या अनुपस्थितीत बोलावे.

*चालू काम.* इथे पुढे झाकले जाणारे सर्व काही उघडे दिसते, म्हणून हीच भेट सर्वांत महत्त्वाची आहे. विजेच्या झिऱ्या सरळ उभ्या किंवा आडव्या असाव्यात. तिरक्या झिरीत वायर नेमकी कुठून गेली याचा नंतर अंदाज येत नाही आणि खिळा ठोकताना ती सापडते. पाइपची उघडी तोंडे बुचाने बंद केलेली असावीत, अन्यथा त्यांत सिमेंट आणि खडी जाते. सिमेंटची पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर आणि भिंतीपासून दूर रचलेली असावीत. नवे प्लास्टर ओले राखले जात आहे का ते पाहावे. मालाला ताकद येण्यासाठी त्यातील सिमेंटला काही दिवस ओलावा लागतो, आणि पाणी न मारता वाळवलेल्या भिंतीवर बोट घासले की पीठ सुटते. कालवलेल्या मालात मागाहून पाणी घालून तो पुन्हा सैल केला जात असेल, तर त्या जागेवर देखरेख नाही असे समजावे. पाणी वाढले की कामगाराला माल पसरवणे सोपे जाते आणि त्याची ताकद घटते.

*नुकतेच पूर्ण झालेले काम.* सोबत एक नाणे, ओळंबा किंवा लेव्हल, मोजपट्टी आणि लागलाच तर तांब्याभर पाणी, एवढे पुरे. टाइलवर चारही कोपऱ्यांत आणि मध्ये नाण्याने टकटक करावी. पोकळ आवाज आला तर खाली माल पूर्ण भरलेला नाही. एखाद्या टाइलचा कोपरा पोकळ निघणे चालून जाते, रांगच्या रांग पोकळ निघणे नाही. बाथरूमच्या जमिनीवर पाणी ओतून ते ट्रॅपकडे स्वतःहून जाते की भिंतीशी साचते ते पाहावे. खोलीचा कोन तपासण्यासाठी कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फूट आणि दुसरीवर ४ फूट खूण करावी. दोन खुणांमधले अंतर ५ फूट आले तर कोन काटकोनात आहे. कोन बाहेर गेला असेल, तर फरशीच्या शेवटच्या रांगेत निमुळते तुकडे दिसतात. ते दाराआड दडवले जातात, म्हणून दार लावून घेऊन पाहावे.

*वर्ष उलटलेले काम.* बाथरूमच्या आतून काही दिसत नसले, तरी त्याच्या पलीकडच्या भिंतीचा खालचा हातभर भाग आणि शक्य असल्यास खालच्या मजल्यावरचे छत पाहावे. रंगाला फुगे आणि पांढरी क्षाराची पुटे दिसली तर आतून पाणी येत आहे. दारे चौकटीला घासतात का, टाइलच्या सांध्यांतले ग्राउट निघाले आहे का, भिंत आणि चौकट यांच्यामध्ये फट पडली आहे का, हे पाहायला पाच मिनिटे पुरतात.

घरमालकाला मात्र काम चांगले झाले का, असे विचारू नये, कारण “हो, ठीक आहे” यापलीकडे उत्तर येत नाही. अंतिम बिल ठरलेल्या रकमेपेक्षा किती वाढले आणि कशामुळे, काम मध्येच किती दिवस बंद राहिले, पैसे पूर्ण दिल्यानंतर तक्रार केली तेव्हा ठेकेदार आला का, असे नेमके प्रश्न विचारावेत. “तुम्हाला यांचे नाव कोणी सांगितले?” हाही प्रश्न जोडावा. सगळीकडे तुम्हाला शिफारस करणाऱ्याचेच नाव निघाले, तर तीन ठिकाणची ग्वाही एकाच माणसाची आहे.

तपासणी: दुसऱ्या रकान्यातील प्रत्येक गोष्टीपुढे “पाहिले” किंवा “पाहता आले नाही” अशी नोंद करावी. जे पाहता आले नाही त्याची चाचणी करारात घालायची आहे.

६. कागदपत्रे

वीज, गॅस आणि संरचनेशी संबंधित कामांना जिथे परवाना आवश्यक असतो, तिथे परवान्याची प्रत मागून त्यावरील क्रमांक, नाव आणि मुदत परवाना देणाऱ्या कार्यालयाकडे किंवा त्याच्या नोंदवहीत पडताळावी. परवाना एकाच्या नावावर आणि काम करणारा दुसराच, हा प्रकार सर्रास आढळतो. दरपत्रकावरचे, करारावरचे आणि ज्या खात्यात पैसे जाणार त्या खात्यावरचे नाव एकच असावे. कामगाराला इजा झाली किंवा शेजाऱ्याच्या घराचे नुकसान झाले तर भरपाई कोण देणार, आणि त्यासाठी विमा आहे का, हे लेखी घ्यावे. ओळखीतून आलेल्या माणसाकडे कागद मागणे अवघड वाटते. “घरातील सर्वांना दाखवायचे आहेत” एवढे म्हटले की पुरते.

७. दरपत्रक घ्यावे आणि वाचावे

सुचवलेल्या ठेकेदाराव्यतिरिक्त आणखी दोन दरपत्रके घ्यावीत, आणि त्यांपैकी निदान एक या ओळखीच्या वर्तुळाबाहेरचे असावे. तिघांनाही पहिल्या टप्प्यातील तीच यादी द्यावी. “बाथरूमचे संपूर्ण काम” अशा एकाच ओळीत एकरकमी आकडा आला तर ते परत करून बाबवार मागावे: तोडफोड, राडारोडा वाहतूक, पाइपकाम, वॉटरप्रूफिंग, फरशी, भिंतीची टाइल, आणि प्रत्येकाचे माप, दर, मालाची कंपनी व प्रत. दर मालासह आहे की फक्त मजुरीचा, हे प्रत्येक ओळीत लिहिलेले असावे.

फरक बहुधा मोजमापाच्या पद्धतीत लपलेला असतो. रंगाचे आणि प्लास्टरचे क्षेत्रफळ मोजताना दारे-खिडक्या वजा धरल्या आहेत का, स्कर्टिंग (भिंतीच्या तळाशी बसवायची पट्टी) चौरस फुटात आहे की रनिंग फुटात (फक्त लांबीने), कापलेल्या टाइलचे क्षेत्र कसे धरले आहे, हे विचारावे. सरळ मांडणीत टाइल सुमारे १० टक्के जास्त मागवण्याचा प्रघात आहे आणि तिरक्या मांडणीत त्याहून अधिक लागते. त्याच्या फार पुढे आकडा गेला असेल तर कारण विचारावे.

एक दरपत्रक इतर दोघांपेक्षा फारच कमी असेल, तर त्यात सुटलेली बाब शोधावी. ती सापडतेच, आणि सहसा वॉटरप्रूफिंगच्या किंवा राडारोड्याच्या ओळीत सापडते. सुचवलेल्या ठेकेदाराचा दर थोडा जास्त असणे हे त्याला नाकारण्याचे कारण नाही, पण तो जास्त का आहे हे त्याला सांगता आले पाहिजे.

८. करार, सांध्यांची जबाबदारी आणि पैसे

ओळखीच्या कारागिरांकडून जोडीने काम करून घेण्यात एक विशिष्ट धोका असतो. गळती झाली की अनोळखी प्लंबर आणि फरशीवाला एकमेकांकडे बोट दाखवतात. मित्र असलेले दोघे मिळून घरमालकाच्या जुन्या पाइपकडे दाखवतात. म्हणून जिथे एकाचे काम संपते आणि दुसऱ्याचे सुरू होते, तिथे काम झाकण्यापूर्वीची चाचणी करारात लिहावी, आणि ती आपल्यासमोर किंवा आपण नेमलेल्या तिसऱ्या व्यक्तीसमोर व्हावी.

- पाइपकाम: प्लास्टर करण्यापूर्वी सर्व तोंडे बंद करून पंपाने दाब द्यावा आणि ठरलेल्या वेळेत मापकावरचा काटा खाली येत नाही हे पाहावे.
- वॉटरप्रूफिंग: फरशी बसवण्यापूर्वी ट्रॅप बंद करून पाणी भरावे, पातळीची खूण करावी, आणि २४ ते ४८ तासांनी पातळी व खालचे छत दोन्ही तपासावे. थोडी घट बाष्पीभवनाने होते. खालचा डाग मात्र बाष्पीभवनाचा नसतो.
- वीज: इन्सुलेशनची आणि अर्थिंगची मोजणी परवानाधारकाकडून लेखी घ्यावी. माणसाच्या संरक्षणासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेला असावा आणि त्याचे चाचणी बटण दाबताच पुरवठा खंडित व्हावा.
- झाकण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे मोजपट्टी धरून छायाचित्र काढावे.

पैसे तारखांना न बांधता टप्प्यांना बांधावेत. “महिन्याच्या शेवटी इतके” असे न लिहिता “पाइपकामाची दाब-चाचणी उत्तीर्ण झाल्यावर इतके” असे लिहावे. आगाऊ रक्कम पहिल्या मालाच्या खरेदीपुरती ठेवावी, आणि शक्य असेल तिथे मालाचे बिल दुकानदाराला आपण थेट द्यावे. तिसऱ्या टप्प्यात सांगितलेली जुन्या बाकीची अडचण यामुळे उरत नाही. एकूण रकमेच्या ५ ते १० टक्के रक्कम दोष-दुरुस्तीच्या मुदतीसाठी राखून ठेवण्याची बांधकाम करारांत पद्धत आहे. ओलीशी संबंधित कामात ही मुदत किमान एक पावसाळा ओलांडणारी असावी. वाढीव काम लेखी दर ठरल्याशिवाय सुरू होणार नाही, हे वाक्य करारात असावेच.

सावधान: “आपल्यात कागद कशाला?” असे ठेकेदार किंवा शिफारस करणारा म्हणाला, तर वाद घालू नये, करार तयार करून समोर ठेवावा आणि सही होईपर्यंत पैसे देऊ नयेत.

९. पहिला भाग छोटा ठेवावा

शक्य असेल तर संपूर्ण घराचे काम एकदम सोपवू नये. स्वतंत्रपणे पूर्ण होणारा आणि तपासता येणारा एक भाग आधी द्यावा: एक बाथरूम, एका खोलीची फरशी, किंवा बाल्कनीची दुरुस्ती. त्यात एकापेक्षा अधिक कारागिरांचा हात लागेल असा भाग निवडावा, कारण सुतार नीट काम करतो की नाही हे एकट्या सुतारकामात दिसले, तरी ठेकेदार चार जणांचा मेळ घालू शकतो की नाही हे त्यात दिसत नाही.

या भागात तीन गोष्टींची नोंद ठेवावी. भेटीत सांगितलेलीच माणसे कामावर आली का? चूक दाखवल्यावर ती किती दिवसांत, आणि वाढीव पैसे न मागता दुरुस्त झाली का? संध्याकाळी जागा झाडून, पाण्याचा व विजेचा मुख्य पुरवठा बंद करून माणसे जातात का? रांग एखाद्या मिलिमीटरने चुकली म्हणून कोणाला काढू नये. चूक दाखवल्यावर ती टाइलखाली लपवणाऱ्याला मात्र पुढचे काम देऊ नये.

काम थांबवायचे ठरले तर त्याच दिवशी झालेल्या कामाचे दोघांनी मिळून मोजमाप घ्यावे, छायाचित्रे काढावीत, करारातील दरांनी हिशेब करून पैसे द्यावेत आणि “या कामाचा हिशेब पूर्ण झाला” अशी पावती घ्यावी. राखून ठेवलेली रक्कम कोणत्या तारखेला आणि कोणत्या अटीवर दिली जाईल, ते त्याच पावतीवर लिहावे. आपला उरलेला माल मोजून ताब्यात घ्यावा, घराच्या चाव्या परत घ्याव्यात, आणि शिफारस करणाऱ्याला ठेकेदाराने सांगण्याआधी आपण फोन करून काम का थांबवले ते दोन वाक्यांत कळवावे.